‘पुरा’ गावची वीज, आणि माझ्या वहीत नसलेलं भांडण

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या पीएचडीचा विषय ‘समूहाच्या मालकीच्या अपारंपरिक ऊर्जा व्यवस्थांचं मॉडेलिंग’. नाव भारदस्त आहे, काम मात्र तसं साधं. एखादं गाव घ्यायचं. तिथे ऊन किती पडतं, घरं किती, दिवे किती, पिठाची गिरणी कधी चालते, पाण्याचा पंप कधी लागतो, हे सगळं तासातासाने मांडायचं. वर्षाचे तास ८,७६०. प्रत्येक तासाला किती वीज तयार होईल आणि किती लागेल, याचा हिशोब कॉम्प्युटरला करायला लावायचा. मग तो सांगतो की इतके पॅनल, इतक्या बॅटऱ्या घ्या, म्हणजे युनिटमागे खर्च सगळ्यात कमी येईल.

मी सह्याद्रीतल्या एका वाडीचं असं मॉडेल केलं होतं. एका संस्थेने तिथे सौर पॅनल, बॅटऱ्या आणि वाडीपुरत्या तारा अशी व्यवस्था बसवलेली होती. माझं मॉडेल म्हणत होतं, व्यवस्था उत्तम चालेल. फक्त पावसाळ्यातले काही दिवस ओढाताण होईल. मार्गदर्शक सर खूश होते. मी एका परिषदेत त्यावर बोलूनही आले होते.

त्यानंतर मी पुन्हा वाडीत गेले, तेव्हा चार महिने अंधार होता.

पॅनल धडधाकट. तारा जागेवर. बॅटऱ्या मात्र मेल्या होत्या. त्या बदलण्यासाठी घरटी दरमहा जमवायचे पैसे आधी काहींनी द्यायचे थांबवले, मग सगळ्यांनीच. एका घरात रात्री गुपचूप मोठी मोटर चालायची, ते सगळ्यांना माहीत होतं, बोललं कुणीच नव्हतं. जमलेल्या पैशातले थोडे मांडवाला गेले होते. मी माझी वही उघडून ओसरीवर बसले आणि कुठे चुकलं ते शोधायला लागले. घरातल्या मावशी चहा घेऊन आल्या. वहीतल्या आकड्यांकडे बघून म्हणाल्या, “ताई, यात भांडण कुठं लिवलंय?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण माझ्या मॉडेलमध्ये ‘लोकसहभाग’ नावाची एक ओळ होती आणि तिच्यासमोर मी १ असा आकडा टाकला होता. १ म्हणजे शंभर टक्के. म्हणजे सगळे पैसे देतील, सगळे नियम पाळतील. का टाकला? कारण काहीतरी टाकावं लागतं, आणि सगळे तेच टाकतात.

त्या दिवसापासून मी सॉफ्टवेअर थोडं बाजूला ठेवलं आणि इतिहास वाचायला लागले. आज तो इतिहास सांगायचा आहे. कारण ‘गावाची स्वतःची वीज’ ही कल्पना आज कुणीतरी नवी शोधून काढल्यासारखी बोलली जाते, आणि आपल्याकडे ती निदान अर्धशतक जुनी आहे.

नगर जिल्ह्यातली सहकारी वीज

सुरुवात आपल्या घरापासून करू. १९६९ साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच ठिकाणी प्रयोग करायचं ठरलं. आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौजवळ, आणि महाराष्ट्रात नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा. हुक्केरी तर बेळगाव जिल्ह्यातलं, आपल्या सीमेला लागूनच.

मुळा-प्रवरा संस्थेने श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या भागात वीज वाटपाचं काम हाती घेतलं. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला होता. लोकांना भागभांडवल, सभासद, वार्षिक सभा हे शब्द शिकवावे लागणार नव्हते. साखर सहकारातून होते, तर वीज का नाही?

पण साखर आणि वीज यांत एक फरक होता. कारखाना साखर स्वतः बनवायचा. मुळा-प्रवरा वीज बनवत नव्हती. ती राज्य वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ विकायची. घाऊक दर वेगळ्या टेबलावर ठरायचा. किरकोळ दर, विशेषतः शेतीपंपांचा, राजकारणाच्या टेबलावर ठरायचा. मधल्या फटीत संस्था उभी. ग्राहक बहुतांश शेतकरी, पंपांचा भार मोठा, वसुली कमी. थकबाकी वाढत गेली, दरावरून भांडणं आयोगात आणि कोर्टात गेली. शेवटी परवान्याची मुदत संपली आणि २०११ च्या फेब्रुवारीपासून तिथलं वीज वाटप महावितरणकडे गेलं.

याचं सोपं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: ‘सहकारात राजकारण शिरलं आणि बुडालं.’ थोडं खरं आहे. पण मग त्याच वेळी, त्याच पद्धतीने सुरू झालेल्या हुक्केरी आणि सिरसिल्लाच्या संस्था पुढे कितीतरी वर्षं टिकून राहिल्या, त्याचं काय? तिथे राजकारण नव्हतं का? म्हणजे निव्वळ ‘सहकार चांगला’ किंवा ‘सहकार वाईट’ असं म्हणून भागत नाही. कोण काय ठरवू शकतो आणि तोटा कुणाच्या अंगावर पडतो, हे बघावं लागतं.

पुरा

आता मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी नावाचे प्राध्यापक होते. विषय विद्युतरसायनशास्त्र. बॉक्रिस आणि रेड्डी यांचं पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जातं, त्यातले हे रेड्डी. नाव, कीर्ती सगळं होतं. तरी १९७४ साली त्यांनी संस्थेत ‘अस्त्र’ नावाचा गट सुरू केला, विज्ञान-तंत्रज्ञान खेड्यांसाठी वापरायला. तुमकूर जिल्ह्यात उंग्रा गावी केंद्र काढलं आणि आसपासच्या सहा गावांत घरोघर जाऊन मोजमाप केलं. कोण किती लाकूड जाळतं, कोण किती तास ते गोळा करतं, बैल किती तास राबतात, बाई पाण्यासाठी किती चालते.

त्यातून काय दिसलं? गावात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग निव्वळ सरपण होता. आणि दिल्ली-बंगळुरूत बसून ज्याला ‘ऊर्जा’ म्हणत होते ती वीज, डिझेल, रॉकेल मिळून अगदी थोडी. गावाची ऊर्जा बायका आणि मुलं डोक्यावरून आणत होती, आणि ती कुठल्याच सरकारी तक्त्यात नव्हती.

या सहा गावांतलं एक पुरा. तिथे अस्त्रने सामुदायिक गोबरगॅस प्रकल्प बांधला. हेतू उदात्त: सगळ्या घरांना स्वयंपाकाचा गॅस. तो फसला. गुरं बारीक, दिवसभर रानात चरणारी, त्यामुळे गोळा होणारं शेण सगळ्यांचा स्वयंपाक होईल इतकं नव्हतंच. शिवाय सरपण फुकट मिळत होतं, त्याला पैसे मोजावे लागत नव्हते. शास्त्रज्ञांना चूल हा प्रश्न वाटत होता. गावाला, विशेषतः बायकांना, पाणी हवं होतं.

इथे मला रेड्डींचं फार कौतुक वाटतं. बहुतेक लोक अशा वेळी अहवालात ‘लोकजागृतीचा अभाव’ असं लिहून मोकळे होतात. रेड्डींनी प्रश्नच बदलला. १९८७ पासून तोच गॅस इंजिनात जाळून वीज करायची ठरली. डिझेल इंजिनात थोडं डिझेल आणि बाकी गॅस. त्या विजेवर कूपनलिकेचा पंप चालायचा, पाणी टाकीत आणि टाकीतून नळांना. संध्याकाळी काही तास घरांत दिवे. गावात सरकारी तारा होत्या, पण त्यातून येणाऱ्या विजेचा भरवसा नव्हता.

आणि नियम कसे होते बघा. घराने शेण प्रकल्पावर आणून द्यायचं, वजन करायचं, वहीत नोंद. किलोमागे २ पैसे मिळणार. गॅस काढून झाल्यावर उरलेली स्लरी वाळूच्या थरावर निथळायची आणि ज्याने जेवढं शेण दिलं त्याला त्या प्रमाणात खत परत. म्हणजे कुणी शेण ‘दान’ करत नव्हतं. शेण बहुतेक बायका-मुलं आणायची, त्यामुळे ते पैसे त्यांच्याच हातात पडायचे. गावातलीच पोरं शिकून इंजिन चालवायची. वर ग्राम विकास सभा.

सार्वजनिक गोष्टींची नासाडी कशी होते हे अर्थशास्त्रात एका प्रसिद्ध मांडणीने शिकवतात: सामायिक कुरणावर प्रत्येकजण एक गाय जास्त सोडतो, त्यात त्याचा फायदा, आणि शेवटी कुरणच संपतं. रेड्डींनी पुऱ्यात याच्या नेमकं उलट घडताना पाहिलं आणि त्याला सामायिकतेचा ‘आशीर्वाद’ म्हटलं. एखाद्याने शेण दिलं नाही, पैसे चुकवले, तर व्यवस्था थांबणार आणि त्याच्याही घरचं पाणी बंद होणार. मोडण्यातला फायदा छोटा आणि लांबचा. मोडण्याचा तोटा मोठा, आणि तोही त्याच संध्याकाळचा. म्हणून लोक पाळत होते. लोक साधुसंत होते म्हणून नाही.

मी हे वाचलं आणि मला त्या मावशी आठवल्या. भांडण कुठे लिहायचं याचं उत्तर इथे होतं. भांडण स्वभावात नाही, नियमांत लिहायचं असतं.

पुऱ्याची व्यवस्था सुमारे दशकभर चालली आणि मग थांबली. रेड्डींनी २००४ मध्ये त्यातून काय शिकायचं यावर स्वतःच लेख लिहिला. आपलाच प्रयोग बंद पडल्यावर त्यावर बसून लिहायला वेगळंच धाडस लागतं. २००६ मध्ये ते गेले.

त्यांचं दुसरं मोठं काम आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. ‘किती वीजनिर्मिती वाढवायची’ या प्रश्नाआधी ‘लोकांना नेमकं काय हवंय, उजेड की पाणी की शेगडीची आच, आणि ते कमीत कमी खर्चात कसं देता येईल’ हा प्रश्न विचारायची पद्धत त्यांनी बसवली, आणि कर्नाटकच्या सरकारी वीज योजनेसमोर स्वतःची पर्यायी योजना आकडेवारीसकट मांडली. पुण्यात ‘प्रयास’च्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी महाराष्ट्राच्या वीज नियोजनाचा असाच किमान-खर्चाचा हिशोब केला. एन्रॉनच्या दाभोळ कराराची चिरफाड करायला ‘प्रयास’ पुढे होती, हे तुम्हाला आठवत असेल. म्हणजे मॉडेल हे नुसतं पीएचडीचं खेळणं नाही. ते लोकांच्या हातातलं हत्यारही होऊ शकतं. प्रश्न इतकाच की ते कोण बनवतं आणि त्यात काय धरतं.

डेन्मार्कला जमलं ते का

अशा लेखांवर एक कमेंट ठरलेली असते: ‘आपल्याकडे नाही जमणार, युरोपात लोक शिस्तीचे.’

डेन्मार्ककडे बघूच. १८९१ साली पौल ला कूर नावाच्या शिक्षकाने आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत पवनचक्कीवर वीज तयार केली आणि पुढे खेड्यातल्या पोरांना वीजतंत्री म्हणून शिकवलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर गावोगाव शेजारी-शेजारी मिळून पवनचक्की घेऊ लागले. २००० साली कोपनहेगनच्या समुद्रात मिडलग्रुंडेन इथे २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण ४० मेगावॅट. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, आणि तिचे साडेआठ हजारांच्या आसपास सभासद.

हे निव्वळ शिस्तीने झालं नाही. वीज कंपनीने पवनचक्कीची वीज ठरलेल्या दराने घेतलीच पाहिजे, अशी व्यवस्था होती. आणि बराच काळ असाही नियम होता की पवनचक्कीचे शेअर त्याच परिसरात राहणाऱ्यांनीच घ्यायचे. म्हणजे पातं ज्याच्या खिडकीतून दिसतं, आवाज ज्याच्या कानावर पडतो, नफाही त्यालाच. पुऱ्यातल्या शेणाच्या वहीसारखाच हा नियम. मुळा-प्रवरेकडे काय नव्हतं ते आता लक्षात येईल: दर आपल्या हातात नाही, आणि वीजही आपली नाही.

आणि शिस्त म्हणाल तर धुळे-नाशिककडची फड पद्धत बघा. पांझरा, मोसम नद्यांवरचे बंधारे. शेतं फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. पाणी कमी पडलं तर कोणत्या फडाला द्यायचं नाही हे लोक मिळून ठरवायचे, आणि एकाची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत असल्याने तोटाही वाटला जायचा. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसं त्यासाठी नेमलेली. ही व्यवस्था काही शतकं चालली. तेव्हा आपल्याकडे जमत नाही हे म्हणणं सोडून द्यावं.

दोन अलीकडची गावं

२०१२ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत ९.४ किलोवॅटची सौर व्यवस्था बसली, चाळीसेक घरांसाठी. तिथे सुरुवातीपासून घरोघर मीटर, गावाचा स्वतःचा ट्रस्ट आणि देखभालीसाठी वर्गणी अशी रचना केली होती.

२०१४ मध्ये बिहारमधल्या धरनईत १०० किलोवॅटची व्यवस्था सुरू झाली. देशभर गाजावाजा झाला. पण उद्घाटनाच्या वेळीच गावातल्या लोकांनी ‘असली बिजली’ मागितली. म्हणजे सरकारी तारेतली, जिच्यावर फ्रिज चालतो, आणि जी अनुदानामुळे स्वस्त पडते. थोड्याच काळात तार आली. काही वर्षांत सौर व्यवस्था बंद पडली आणि त्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली, अशी बातमी आपण वाचली.

धरनईच्या लोकांना हसणं सोपं आहे. मला ते बरोबर वाटतात. शहरातल्या माणसाला फ्रिज आणि खेड्यातल्या माणसाला दोन बल्ब, ही वाटणी त्यांनी नाकारली. त्यांच्यासाठी ज्यांनी मॉडेल केलं असेल, त्यांनीही ‘गरज’ या ओळीपुढे लोकांना न विचारता आकडा टाकला असणार. मी टाकला होता तसाच.

मग मी काय केलं

मी तो १ काढून टाकला. त्याऐवजी मॉडेलमध्ये चाळीस वेगवेगळी घरं घातली. प्रत्येक घर दर महिन्याला ठरवतं: पैसे द्यायचे की नाही. ठरवताना ते बघतं की शेजारी देतो का, न दिल्यास काय होतं, मागच्या महिन्यात वीज किती मिळाली, हाती पैसा आहे का. तोच पाऊस, तेच ऊन, तेच पॅनल ठेवून मी फक्त नियम बदलत गेले.

निकाल ऐकून तुम्ही म्हणाल, यासाठी पीएचडी कशाला. पहिल्या काही महिन्यांत वसुली ढिली पडली की पुढे पॅनल कितीही वाढवा, बॅटरी बदलायच्या वेळी पैसे नसतातच. सरकारी तार येणार ही नुसती बातमी आली तरी वर्गणी घसरते. आणि वीज फक्त घरातल्या दिव्यांसाठी असेल तर व्यवस्था लवकर मोडते. पिण्याच्या पाण्यासारख्या सगळ्यांच्या गोष्टीला जोडलेली असेल तर जास्त टिकते. पुऱ्याच्या बायकांना हे मॉडेलशिवाय कळलं होतं. पण मंत्रालयात आणि बँकेत बायकांचं म्हणणं चालत नाही, आलेख चालतो. म्हणून आलेख काढायचा.

आज याचं काय

आज छतावरच्या सौर पॅनलसाठी योजना आहे, सौर कृषिपंपांसाठी आहे, शेतीच्या फीडरसाठी सौर प्रकल्पांची आहे. वाईट काहीच नाही. पण मालक कोण ते बघा. छत एकट्याचं, पंप एकट्याचा, आणि मोठा प्रकल्प बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीचा. ज्याला स्वतःचं पक्कं छत नाही, विहीर नाही, तो कुठे बसतो? ‘गाव’ नावाचा मालक या चित्रात फारसा दिसत नाही.

कायद्यात जागा आहे. २००३ च्या वीज कायद्यात ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवान्यातून सूट आहे. पंचायती, सहकारी संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना यांच्यामार्फत स्थानिक वाटप करण्याचा उल्लेख आहे. वीस वर्षं उलटली, ती जागा बऱ्याच अंशी रिकामीच आहे. गावाने जमीन दिली तर भाड्याऐवजी हिस्सा का मागू नये? डेन्मार्कच्या गावकऱ्याला तो मिळाला, तो काही आभाळातून पडला नव्हता.

असो. वाडीचं काय झालं ते सांगून संपवते.

सरकारी तार आता वाडीत पोचली आहे. त्यामुळे ‘आता पॅनल भंगारात द्या’ असं काहींचं म्हणणं होतं. मागच्या महिन्यात देवळात सभा झाली, मलाही बोलावलं. मी पुऱ्याची गोष्ट सांगितली, तुम्हाला सांगितली त्याहून सोपी करून. शेणाची वही, २ पैसे, पाण्याचा नळ. मग ठरलं की पॅनलवर फक्त झऱ्याचं पाणी टाकीत चढवायचा पंप चालवायचा. पंप दिवसाच चालणार, म्हणजे बॅटरी लागणारच नाही. टाकी भरली की झालं. देखभालीची वर्गणी घरटी, वही देवळात सगळ्यांसमोर, आणि तीन घरांनी थकवलं तर पंप सगळ्यांचाच बंद.

या शेवटच्या नियमावर बराच गोंधळ झाला. “एकाच्या पापाची शिक्षा समद्यांना का?” असं एक तात्या तावातावाने म्हणाले. त्यावर मावशी म्हणाल्या, “हंडा तुम्ही वाहता का आम्ही?” सभा हसली. ठराव झाला. वही बायकांच्या गटाकडे आली.

पंप अजून यायचा आहे. जमलेले पैसे किमतीच्या निम्म्यावर आहेत. पहिल्या महिन्यात दोन घरांनी वर्गणी दिलेली नाही, आणि नियम तीन घरांचा आहे. काय होतं ते बघायला मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. या वेळी वहीत भांडणासाठी वेगळा रकाना आखून ठेवलाय.

तुमच्या गावात अशी सामायिक वीज, गोबरगॅस, उपसा योजना, काहीही चालू असेल किंवा चालून बंद पडलं असेल तर जरूर लिहा. बंद पडलेल्याबद्दल तर आवर्जून लिहा. तेच सहसा कुणी लिहीत नाही.